ड्रॉइंग मास्तर पटवायचा रविवार

मास्तरांच्या खोलीत खडूचा चुरा आणि किस्से, दोन्ही कितीही झाडा, दुसऱ्या दिवशी तेवढेच साठलेले असतात. हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतरच्या त्या वर्षांत मी बीदरला गणित शिकवायचो. तिथले किस्से अजून निघतात. त्यातले दिनकरचे तेवढे सांगतो.

झालं काय, आमचे ड्रॉइंग मास्तर बदलून गेले आणि हेडमास्तर साहेबांनी त्यांचा तास माझ्या गळ्यात मारला. गणितवाल्याला सरळ रेघ तरी येत असेल, असा त्यांचा हिशेब! पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर गाय काढली. साहेब दारात येऊन बराच वेळ बघत राहिले.

"नकाशा चांगला आहे. नद्या दाखवायच्या राहिल्यात."

पोरं हसली नाहीत. त्यांनीही वहीत नकाशाच उतरवला होता.

म्हणून मी उदगीरच्या माझ्या बालमित्राला, दिनकरला बोलावलं. पुण्याला चित्रकला शिकलेला गडी. जागा रिकामी, साहेब तयार, अडलं होतं ते याच्या 'हो'वर. पुण्यात मामाच्या दुकानी पाट्या रंगवायचं काम त्याला ठरलेलंच होतं. "एक दिवस गाव बघतो, संध्याकाळी सांगतो," म्हणाला. सोबत आमचा उदगीरचाच वसंता. हा कुठंही जातो तो जेवायला जातो. गाव दाखवायला आमचे भूगोलाचे सिद्रामप्पा आले, जवळच्याच कोहिनूर गावचे. त्यांना सगळे अण्णाच म्हणायचे.

*

भर बाजारातला चौबाऱ्याचा गोल बुरूज बघून दिनकर खूश झाला. तिथंच कागद मांडून बसला. थोड्या वेळात एक दुकानदार चहा घेऊन आला, दुसरा पान घेऊन. दिनकर माझ्या कानात म्हणाला, गावाला कलेची कदर आहे रे. मीही छाती फुगवली.

तेवढ्यात भुसार मालाचे शेटजी हात जोडून पुढं आले.

"साहेब, माझा ओटा तेवढा वाचवा."

रस्ते रुंद होणार अशी त्या वर्षी गावात बोलवा होती, आणि कागदावर घरं काढणारा माणूस म्हणजे मोजणीचा साहेबच! शेजारच्या कापडवाल्यानं कागदात डोकावून बघितलं. त्याचं दुकानच कागदावर नव्हतं. "समदंच पाडायलाव का काय?" म्हणून तो खालीच बसला.

दिनकरनं शपथा घेतल्या की मी नुसतं चित्र काढतोय. कुणी ऐकेना. कापडवाला बसल्या जागेवरून म्हणाला,

"मग पेन्सिल म्होरं धरून एक डोळा कामून मिटायलाव?"

शेवटी दिनकरनं सगळ्यांचे ओटे, पायऱ्या, पत्रे, सगळं ऐसपैस काढून दिलं, तेव्हा सुटका झाली. त्या चित्रात बुरुजाला जागाच उरली नाही.

*

तिथून नरसिंह झरणीला. देव गुहेच्या पार टोकाला, आणि तिथवर पाण्यातून चालत जायचं. पाणी किती, म्हणून दिनकरनं आधीच विचारून घेतलं. अण्णा म्हणाले, कमरेएवढं हाय.

खोटं नव्हतं ते. अण्णा आमच्या शाळेच्या दारातून वाकून आत यायचे, त्यांच्या कमरेएवढंच होतं. दिनकरच्या छातीला लागलं. वसंताची हनुवटी तेवढी वर राहिली! वसंताच्या डोक्यावर भाकरीचं गाठोडं, दिनकरच्या डोक्यावर कागदांची गुंडाळी. वर वटवाघळं लोंबकळलेली. वसंतानं वर बघितलं, दचकला, एका हातानं गाठोडं सांभाळलं आणि दुसऱ्या हातानं दिनकरला धरलं. गुंडाळी पाण्यात गेली.

बाहेर आल्यावर वसंतानं आधी गाठोडं सोडलं आणि भाकरी कोरडी आहे म्हणून सगळ्यांना आनंदानं सांगितलं. दिनकर भिजलेले कागद दगडावर पसरत बसला. जेवला मात्र पोटभर.

*

जेवण झाल्यावर दिनकर म्हणाला, "माझं ठरलं. सकाळच्या मोटारीनं जातो. इथं चित्रं काढू कुणासाठी?"

मला फार वाईट वाटलं. तास गळ्यातच राहणार, हे होतंच. पण हा शेजारी राहील, रोज संध्याकाळी दोघं मिळून फिरायला जाऊ, असं मी मनात धरून बसलो होतो. अण्णा म्हणाले, जायचंच हाय तर किल्ला बघून जावा. म्हणून गेलो.

किल्ल्यात एका जुन्या छताखाली अण्णांच्या ओळखीचे, धातूत चांदी जडवायचं बिदरी काम करणारे एक उस्ताद बसलेले. जमिनीवरची चिमूटभर माती जिभेवर ठेवायचे, थुंकायचे, पुढं सरकायचे. बिदरीच्या सुरईला जो गडद काळा रंग असतो तो या किल्ल्यातल्या मातीनं चढतो, आणि कुठली माती चालेल ते चाखूनच ठरवतात, असं अण्णांनी सांगितलं.

दिनकर जागच्या जागी थांबला. "तो काळा रंग? या मातीतून?"

मग खाली बसून त्यानं चिमूट जिभेवर ठेवली. उस्तादांनी मान हलवली, ही नको. दिनकरनं दुसरी घेतली. मग अण्णांनी घेतली, मी घेतली. वसंता तर न बोलावताच बसला होता. थोड्या वेळानं आम्ही सगळे गुडघ्यावर रांगत किल्ला चाखायला लागलो!

आणि समोर काठी दिसली. काठीच्या वर शेरवानी, शेरवानीच्या वर हेडमास्तर साहेब.

शाळेत सुपारी चघळली म्हणून मास्तराला उभं करणारा हा माणूस. त्याचे दोन मास्तर आणि होऊ घातलेला तिसरा समोर माती खात बसलेले. माझी जीभ बाहेरच राहिली.

साहेबांनी आमच्याकडं बघितलं. उस्तादांकडं बघितलं. काठी भिंतीला टेकवली, शेरवानी सावरत खाली बसले आणि दिनकरच्या तळहातावरची चिमूट उचलून जिभेवर ठेवली. डोळे मिटले. मग बाजूला थुंकले.

"ही न्हाई. पावसाचं पाणी लागलंय हिला. आतल्या कोपऱ्यातली बघा."

दिनकरनं बाहीनं तोंड पुसलं आणि विचारलं, "साहेब, शाळा किती वाजता भरते?"