आज आरतीला जाणाऱ्यांसाठी

मंडळींनो, आज दुपारी बिल्डिंगच्या लाँड्री रूममध्ये गेले, तर वरच्या मजल्यावरची सायली ड्रायरला टेकून जमिनीवर बसलेली. नागपूरची पोरगी, इथे एमएस करतेय. काल तिचे बाबा गेले. व्हिसाच्या भानगडीमुळे जाता आलं नाही, अंत्यविधी तिने फोनवर पाहिला.

"इथे का बसलीस गं?"

"घरात बाप्पा बसलेत ना काकू. मला सुतक आहे."

तिच्या तीन रूममेट्सनी तिला सांगितलं होतं, विसर्जनापर्यंत दुसरीकडे राहा. मी तडक वर गेले.

"हाकललं नाही हो काकू," एकजण म्हणाली. "आईला विचारलं, ती म्हणाली चालत नाही."

"आईला विचारलंस. सायलीला विचारलंस का, जेवलीस का म्हणून?"

मोदकांची प्लेट पुढे आली. मी हात लावला नाही.

म्हटलं, अगं पोरींनो, सुतक नात्याला लागतं, भाड्याच्या घराला नाही. ती तुमची कुणीच नसेल, तर तुमचा बाप्पा कसा विटाळतो? आणि कुणी असेल, तर ती एकटी का रडतेय?

आमचे हे गेले तेव्हा मला शास्त्र सांगणारे पुष्कळ भेटले. वरणभात आणणारी एकच भेटली.

सायली माझ्याकडे जेवून झोपलीय. तिला विचारूनच लिहितेय.

त्या पोरींकडच्या संध्याकाळच्या आरतीचं आमंत्रण या ग्रुपवर सगळ्यांना आहे. मी जाणार नाही. तुम्ही जाणार असाल, तर प्रसाद घेण्याआधी एवढं विचाराल का, की चौथी कुठे आहे?