डॅफोडिलची पानं

सलूनवाले काका चाळीस वर्षं केस कापत आले होते. वाढलेलं काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवत. दुकानामागच्या अंगणात त्यांनी डॅफोडिलचे कंद लावले. वसंतात पिवळी फुलं आली, सुकली, आणि काकांनी मागे लोळणारी हिरवी पानं साफ भादरून टाकली. पुढच्या वर्षी नुसती पानं आली, फूल एकही नाही.

"कंद त्या पानांवरच पोसतो," नर्सरीवाली म्हणाली. "बाकी त्याला ना खत लागतं, ना लाड. पानं आपसूक पिवळी पडेपर्यंत फक्त हात लावू नका."

"मग झालंच! यांना हेच तर जमायचं नाही," बायको हसली.

काकांना ते लागलं. त्या दिवसापासून त्यांनी पानांना बोट लावलं नाही.

"काका, आधी अंगणाची हजामत करा, मग आमची!" गिऱ्हाइकं चिडवत. काका दात आवळून कामाला लागत.

महिन्याभरानं बायकोच कात्री घेऊन निघाली. "अहो, उद्या पाहुणे यायचेत. किती गबाळं दिसतंय! निम्मी तरी कापते."

काका अंगणाच्या दारात आडवे उभे राहिले.

"पाहुण्यांना कळव," ते म्हणाले, "पुढच्या वसंतात या म्हणावं."