पोस्ट माझी, वाहवा अप्पांची

ग्रुपवरचे किस्से कुणी जमवत न्हाई, ते आपोआप साचतात. त्या दुष्काळात विहिरी आटल्या, बोअर आटले, लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पण आमच्या जळकोटकरांच्या फेसबुक ग्रुपवरचे किस्से काही आटले न्हाईत!

मी नांदेडात चित्रकलेचा मास्तर, गाव जळकोट. ग्रुपवर सगळ्यात लांब पोस्टी माझ्या. आणि अप्पा म्हणजे गावातले कापड दुकानदार, कपाळाला भस्म, नाकावर चष्मा. जिंदगीत एक पोस्ट टाकली न्हाई या माणसानं. नुसत्या कमेंटी! त्यात ॲडमिननं जाहीर केलं, ज्याच्या लिहिण्याचा ग्रुपला उपयोग झाला त्याचा नांदेडच्या मेळाव्यात सत्कार. मला तो सत्कार पाहिजे होता. खोटं कशाला बोलू?

*

टँकरच्या रांगेवर मी पोस्ट लिहिली. रात्रंदिवस खपलो होतो! घागरींचे रंग, बायांचे चेहरे, सगळं वर्णन. लाईक आले चौदा.

खाली अप्पा, "सर, लई चांगलं लिहिलात. ज्यांच्या गल्लीत टँकर येत न्हाई त्यांनी इथंच गल्लीचं नाव लिहा. यादी घेऊन मी उद्या तहसीलला जातो."

धडाधड गल्ल्यांची नावं पडली. चौथ्या दिवशी टँकर आला आणि सगळीकडं एकच, "अप्पांमुळं आला!" अरे, पोस्ट कुणाची होती?

*

एकदा मी कोरड्या तलावाचा फोटो टाकला, "आजची परिस्थिती" म्हणून. पाच मिनिटांत अप्पांचा फोन.

"सर, फोटोत मागं जी टाकी दिसून राहिली, ती पाडून चार साल झाले. तुम्हीच गुपचूप बदलून टाका. मी तिथं काही लिहीत न्हाई."

दुसऱ्या कुणी चारचौघांत माझी इज्जत काढली असती. यांनी झाकली! त्यामुळं तर मी जास्तच जळलो. भांडले असते तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

*

मग आला नव्या जिल्ह्याचा विषय. लातूर तोडून उदगीर जिल्हा होणार, आमचं जळकोट त्यात जाणार अशी हवा उठली. मी जिल्हा पाहिजेच म्हणून तडाखेबंद पोस्ट ठोकली. लातूरवाले तुटून पडले. कुणी माझ्या खानदानावर आलं, मी त्याच्या खानदानावर गेलो.

तेवढ्यात अप्पा, "जिल्हा व्हायचा तेव्हा होईल. लातूरच्या ऑफिसात कुणाकुणाचं काम अडकलंय ते लिहा. मी सोमवारी जीपनं चाललो, सोबत चला."

भांडण खल्लास! माझं खानदान काढणारासुद्धा त्या जीपमध्ये जाऊन बसला.

संध्याकाळी बायको म्हणाली, "अप्पांची कमेंट वाचली का हो? काय माणूस हाय!"

"आणि माझी पोस्ट?"

"लांब होती ना. सवडीनं वाचते."

*

म्हटलं, आपणबी कमेंट करू. त्यात काय अवघड हाय? गावातल्या एका दोस्तानं बोअरच्या मशीनचा फोटो टाकलेला, हार घातलेला, नारळ फोडलेला. मी लगेच लिहिलं, "अभिनंदन! पेढे कधी?"

फोटोखालचा मजकूर नंतर वाचला. सहाशे फूट गेले, नुसता फुफाटा निघाला होता!

माझ्या कमेंटखाली अप्पांनी लिहिलं, "सर घाईत असतील, मनावर घेऊ नका. शेजारच्या शेतात पाणी हाय, प्यायला तरी द्या म्हणून मी बोललो त्यांना."

मला त्या दिवशी जेवण गेलं न्हाई.

*

शेवटी मी नको ते केलं. सुनंदा नावाचं खोटं अकाउंट काढलं, गुलाबाचा फोटो लावला, गाव नांदेड टाकलं. ही ताई माझ्या पोस्टींची तारीफ करणार होती. पण नुसतं "वा सर" लिहिलं तर पकडलो जाणार. म्हणून ताईला आधी पोस्ट नीट वाचायला लावायचो. मग ती लिहायची, "सर, टँकरवाल्याला शिव्या दिल्यात, पण त्याला टँकर भरायला किती तास थांबावं लागतं हे विचारलंत का?"

लोक खूष! ताई दुसऱ्यांच्या पोस्टींवरबी लिहायला लागली, आणि खरं सांगतो, मला लई मजा यायला लागली. पण महिन्याभरात ग्रुप मलाच शिकवायला लागला, "सर, ताईंसारखं लिहा की जरा!"

माझ्याच मोबाईलमधल्या बाईवर मी जळायला लागलो. तीबी माझी जागा घेणार, आणि माझ्याच बोटांनी!

*

सत्काराला सगळ्यांनी अप्पांचं नाव सुचवलं. अप्पांनी लिहिलं, "मला नको. सुनंदाताईंना द्या." झालं! एकमतानं ताई. आहेर अप्पांच्या दुकानातून.

मेळाव्याच्या सकाळी मी ताईच्या नावानं लिहून टाकलं, "तब्येत बरी न्हाई, येता येत न्हाई." हॉलमध्ये तिच्या नावानं टाळ्या पडल्या. मीबी वाजवल्या, दात खाऊन.

निघताना अप्पांनी मला बाजूला घेतलं. हातात बांधलेलं पुडकं दिलं.

"ताई तुमच्याच नांदेडात ऱ्हातात म्हणं. तेवढं पोचवा, सर. आणि सांगा, लिहिणं सोडू नका म्हणावं. लई चांगलं लिहितात."

"हाव, सांगतो," म्हटलं.

घरी आलो तर बायकोनं माझ्या आधी पुडकं सोडलं. म्हणाली, "अहो, ताईंना साडी देणार होते ना?"

आत शर्ट-पँटचं कापड होतं.