न दचकणारा पोरगा

आमच्या थोरल्याने पहिल्या वर्षात काय काय पराक्रम केले, ते मी कुठे लिहून ठेवलेलं नाही. पालथा कधी पडला, दात आधी वरचा आला की खालचा, मला विचारू नका. बाळं सगळी सारखीच वागतात. आधी छताकडे पाहतात, मग स्वतःच्या मुठीकडे पाहतात, मग ती मूठ तोंडात घालतात, आणि त्यानंतर हाताला लागेल ते. आमच्याने बापाची चप्पल, आजीची जपमाळ आणि उंबरठ्याचा कोपरा, सगळ्यांची चव घेतली. त्यात कौतुक करण्यासारखं मला काही दिसलं नाही. सासूबाईंना मात्र दिसायचं. आणि त्यांचं सगळ्यात मोठं कौतुक म्हणजे, पोरगा दचकत नाही.

तेव्हा आम्ही चिखल्याला राहत होतो, मँगनीजच्या खाणीच्या वसाहतीत. नवरा खाणीत हजेरी बाबू. जमिनीखाली सुरुंग उडाला की आमच्या मांडणीवरची भांडी खणखणायची. नवा पाहुणा असेल तर कपातला चहा सांडायचा. आम्ही बोलता बोलताच कलंडलेलं ताट सरळ करायचो आणि पुढचं बोलायचो.

पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण माझं माहेर दिघोरीचं, धानाच्या शेतीचं. ऐन रोवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत, माझ्या आईला बांधीतल्या चिखलातून वर यायला सवड नव्हती. म्हणून सगळं सासूबाईंच्या हाती आलं. मूल जन्मलं की त्याच्याजवळ काशाचं ताट वाजवायचं, म्हणजे ते पुढे कशाला भीत नाही, अशी आमच्याकडे रीत. रीत एकदाच वाजवायची आहे. सासूबाईंनी बारसं होऊन गेल्यावरही वाजवलं, रोज अंघोळीनंतर, पळीने.

"आत्याबाई, झालं न आता," मी म्हणायची.

"तुह्या माहेरात बेंडकं ओरडते तेवढाच आवाज. इथं बारूद फुटते. पोरगा पक्का कराले नाही लागत?"

पोरगा पक्का झाला. सुरुंग उडाला तरी त्याची पापणी हलेना. सासूबाई येईल त्याला सांगायच्या, "वाघ हाये माहा नातू."

तो सातआठ महिन्यांचा असेल. नुकताच बसायला लागला होता, म्हणजे बसवला की थोडा वेळ डुलायचा आणि पोत्यासारखा एका बाजूला आडवा व्हायचा. एका दुपारी पलीकडची किराणा दुकानवाली आपलं बाळ घेऊन आली. तेवढ्यात सुरुंग उडाला. तिचं बाळ किंचाळून आईला चिकटलं. आमचा वाघ झारा चघळत बसला होता, तो चघळतच राहिला.

सासूबाईंनी छाती फुगवली. दुकानवाली मात्र त्याच्याकडे जरा वेळ पाहत राहिली आणि हळूच म्हणाली, "आत्या, ऐकू तं येते ना जी याले?"

सासूबाईंची छाती तिथेच बसली.

त्या संध्याकाळपासून आमच्या घरात जे सुरू झालं त्याला परीक्षा म्हणतात. सासूबाई मागून ताट वाजवायच्या. पोरगा ढिम्म. नवऱ्याने ड्युटीवरून आल्यावर बादली आपटली. पोरगा वळला! सासूबाई आनंदाने रडायला लागल्या. मी म्हटलं, "बादलीतलं पाणी उडालं त्याच्या पाठीवर." मग बिनपाण्याची बादली आपटली. पोरगा ढिम्म. दुसऱ्या दिवशी ताटाला वळला, पण तेव्हा सासूबाईंची सावली त्याच्यासमोर भिंतीवर नाचत होती. हेही मीच सांगितलं.

"तुले काय पाहिजे वं, पोरगा बहिरा पाहिजे का?" सासूबाई चिडल्या.

मला तो बहिरा नको होता. पण खोटं समाधानही नको होतं. हाक मारल्यावर तो कधी वळायचा, कधी नाही, आणि हाक मारेपर्यंत मी बहुतेक वेळा त्याच्यासमोर आलेलीच असायची. दुकानवालीचं बाळ बा-बा-बा करायचं, आमचा नुसते थुंकीचे फुगे करायचा. रडायला मला वेळ नव्हता. त्या आठवड्यात भाजी रोज खारट झाली एवढंच.

नागपूरला कानाच्या डॉक्टरकडे जायचं ठरलं. नवऱ्याला रजा पुढच्या महिन्यात मिळणार होती. तोवर वसाहतीतल्या बाया येताजाता आमच्या दारात टाळी वाजवून पोराचं तोंड पाहत होत्या. एकीने तर घरून घंटी आणली. मी दोन लुगडी आणि पोराला उचललं आणि तुमसर-भंडारा करत, एसट्या बदलत दिघोरी गाठली. माहेरी कोणाला काही सांगायचं नाही असं ठरवून गेले.

तिथे गेल्यावर पोराने पहिली गोष्ट केली ती म्हणजे झोपायचं सोडून दिलं. चिखल्याला ट्रक, भोंगा, सुरुंग यांत गाढ झोपणारा, इथे टक्क डोळे उघडून पडलेला. आई म्हणाली, "माय वं, रखवालदार हाये का पोरगा?" मी जागेच्या बदलावर ढकललं.

ते लाखोरी, म्हणजे लाखेच्या डाळीचं पीक, काढायचे दिवस होते. धान निघाल्यावर त्याच बांध्यांत लाखोरी होते, आणि तिचे उपटलेले वेल अंगणात वाळत टाकलेले होते. दुपारी मी पोराला त्या ढिगाकडे पाठ करून गोणपाटावर बसवलं आणि समोर तांदूळ निवडायला घेतले. बाबा ओट्यावर विडी ओढत होते. गावात चिटपाखरू नव्हतं.

टक्.

पोराने मान फिरवली. एवढ्या जोराने फिरवली की तोल जाऊन आडवा झाला. मी त्याला सरळ केलं. थोड्या वेळाने पुन्हा, टक्. पुन्हा मान गर्रकन, पुन्हा पोतं आडवं.

उन्हात वाळलेली शेंग फुटली की दाणा उडतो, त्याचा तो आवाज. मी स्वतः तो ऐकलाही नव्हता. पोरगा वळल्यावर ऐकला. त्याच्यासमोर हलणारी सावली नाही, मागे कोणी नाही, वारा नाही. मी सूप खाली ठेवलं आणि हललेच नाही. पुढची शेंग डाव्या बाजूला फुटली, तो डावीकडे वळला. मग उजवीकडे. दोन शेंगांच्या मध्ये तो फुगे करायचंही थांबवून वाट पाहत होता.

"हा कायले असा चौकीदारावानी पाहून राहिला?" बाबा ओट्यावरून म्हणाले.

"त्याले ऐकू येते, बाबा," मी म्हटलं.

"मंग? कान कायले दिले त्याले?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. बाबा एवढे हसले की त्यांची विडी विझली. "बाई, ज्या घरात बारूद आन् ताट एकत्र वाजते, तिथं मीही वळलो नसतो."

परत जाताना मी लाखोरीचे वेल बोचक्यात बांधून नेले. कंडक्टर म्हणाला, "बाई, खाणीवर गाई पाळल्या का?" मी म्हटलं, "पोरासाठी आहे." त्याने पुढे काही विचारलं नाही.

चिखल्याला वेल अंगणात पसरले आणि पोराला पाठमोरा बसवलं. नवरा, सासूबाई आणि घंटीवाल्या बाईसह अर्धी वसाहत भिंतीला टेकून गप्प बसली. गप्प बसायची कोणालाच सवय नव्हती. मध्येच भोंगा झाला, सुरुंग उडाला, भांडी खणखणली. पोरगा बोट चोखत होता. मग शेंग फुटली आणि तो आडवा झाला.

"म्हणजे मोठं ऐकू नाही येत, बारीकच येते?" सासूबाईंनी घाबरून विचारलं.

"मोठ्याची त्याला सवय झाली, आत्याबाई. तुम्हीच पक्का केला ना."

त्यांनी ताट पदराखाली घेतलं आणि आत गेल्या. नवऱ्याने रजेचा अर्ज मागे घेतला नाही; नागपूरला आम्ही गेलो, डॉक्टरने कान पाहिले, ठीक म्हणाला, आणि येताना सासूबाईंसाठी नवी चप्पल घेऊन आलो.

दोन वर्षांनी धाकटी झाली, तीही चिखल्यालाच, कारण ती जन्मली तीही रोवणीतच. सासूबाई ताट घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

"वाजवू का?" त्यांनी विचारलं. मला विचारून काही करायची ती त्यांची पहिलीच वेळ.

"वाजवा. पण एकदाच."

त्यांनी पळीने हळूच टोला दिला. पोरगी हातपाय फेकून अशी किंचाळली की दुकानवाली धावत आली.

"भित्री हाये वं, भित्री हाये!" सासूबाई तिला उचलून साऱ्या वसाहतीला ओरडून सांगत होत्या. एवढं खूश झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.