गुणगुणणारं घड्याळ

भरे गावचे कुशाबा ढमाले उरवड्याच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते. बुधवारी पहिली पाळी सुटली की ते एसटीनं पुण्याचा जुना बाजार गाठायचे आणि फडक्यावर मांडलेल्या ढिगातून जुनी इलेक्ट्रॉनिक मनगटी घड्याळं हुडकून आणायचे. बटण दाबल्यावर लाल आकडे उजळणारी, सुरुवातीची जाडजूड क्वार्ट्झ, बहुतेक सगळी बंद. घरी आले की ओसरीवर बसून, डोळ्याला भिंग लावून मागचं झाकण उघडायचे.

"एवढ्याशा जागंत केवढा कारखाना बशिवलाय बग!"

"मला तर निसता किडा दिसतूया," त्यांच्या पत्नी रंभाबाई म्हणायच्या. तरी घड्याळं ठेवायला मसाल्याचे डबे त्याच रिकामे करून द्यायच्या.

एक घड्याळ मात्र कुशाबांना मिळालं नव्हतं. बाजारातल्या एका म्हाताऱ्यानं अठ्ठ्याण्णव साली त्यांना त्याबद्दल सांगितलं होतं. आत इवलासा धातूचा चिमटा असतो, नादकाटा. सेलवर तो थरथरतो, त्यावर काटे चालतात. टिकटिक नाही, भुंग्यासारखं गुणगुणतं. कुशाबांनी ते आठ वर्षं शोधलं.

दोन हजार सहा साली त्यांनी वरची खोली उत्कर्षाला भाड्यानं दिली. परभणीची मुलगी, हिंजवडीला नोकरी. ओसरीवरचा पसारा रोज बघून एकदा तिनं रुमालात गुंडाळलेलं घड्याळ आणलं.

"बाबांचं आहे, काका. ते गेले त्याआधीपासून बंद आहे. दुकानदार म्हणतात, पार्ट मिळत नाहीत, टाकून द्या."

कुशाबांनी झाकण उघडलं आणि त्यांचा हात थबकला. केसाहून बारीक तारेची दोन वेटोळी, आणि त्यांच्यामधून गेलेला तो चिमटा.

"ह्याला टाका म्हनत्यात व्हय?" एवढंच ते बोलले.

आत सेल फुटून हिरवट थर साचला होता. तार तुटली असती तर सगळंच संपलं असतं. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून त्यांनी तीन संध्याकाळ तो थर पुसून काढला. चौथ्या दिवशी नवा सेल बसवला, तसा सेकंदकाटा न अडखळता, पाण्यावरून सरकावा तसा फिरू लागला.

उत्कर्षानं घड्याळ कानाला लावलं. तिचे डोळे भरून आले. "लहानपणी बाबांच्या हातावर डोकं ठेवून झोपायचे मी. हा आवाज त्यांच्या अंगातूनच येतो असं वाटायचं."

मग कुशाबांनी कानाला लावलं. आधी उजव्या, मग डाव्या. वीस वर्षांच्या प्रेसनं कान बारीक आवाजाला निकामी केले होते.

"मला न्हाई येत गं ऐकू."

तिनं बोट दाताला लावून दाखवलं. "काका, दातात धरून बघा."

त्यांनी धरलं. आणि ती गुणगुण जबड्यातून वर चढत डोकंभर पसरली. कुशाबा डोळे मिटून तसेच बसले, मग घड्याळ तोंडात असतानाच हसू लागले.

"अवं, गिळाल की!" रंभाबाई ओरडल्या.

"तुम्हीच ठेवा काका," उत्कर्षा म्हणाली.

"येडी का काय? बापाची वस्तू हाय ती."

दोन वर्षांनी लग्न होऊन ती कोथरूडला गेली. पण सेल वर्षभरच टिकायचा, आणि तो बदलायला ती भऱ्यालाच यायची.

"आत्ताच्या सेलवर जरा पुढं पळतंय ते," कुशाबा गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे. "आठवडाभर ऱ्हाऊ दे हितं. चाल बघाय लागंल."

"बघा की निवांत," ती म्हणायची, आणि रंभाबाईंनी पुढं केलेला चहा घ्यायची.