मखरातलं जहाज

डिचोलीच्या गॅरेजात सगुणनं उभी हयात खाणीचे ट्रक रंगवले. लाल धूळ बसायच्या आत फवाऱ्याचा एकच जाड हात मारायचा, ही त्याची विद्या, आणि तिचा त्याला कोण तोरा! मुलगा प्रज्योत मालवाहू जहाजावर कामाला. परदेशातून प्लास्टिकच्या छोट्या जहाजांचे सुटे भाग आणायचा, जोडायचा, रंगवायचा आणि चवथीला घरच्या गणपतीपुढे मांडायचा. बापाला त्यानं बजावलं होतं, "बाबा, हेका ट्रकाचो थिनर घालू नकात, प्लास्टिक खाता तो. पातळ हात मारूचो, सुकू देवचो, मगे दुसरो." कालचं पोर आपल्याला रंग शिकवतंय, म्हणून सगुण हसला होता.

गोवा घटक राज्य झालं त्या मे महिन्यात वाड्यावर घरोघर फटाके वाजले, आणि आषाढात खबर आली. प्रज्योतचं जहाज वादळात बुडालं. बाकीच्यांची प्रेतं मिळाली, त्याचं नाही. शेजारी म्हणाले, वर्षाचं सुतक आहे, यंदा गणपती आणू नका. सुमंगला, त्याची आई, कडाडली. "सुतक मेल्याचा असता. माझो झील मेलेलो कोणी बघितल्यान?"

प्रज्योतनं जोडून ठेवलेलं एक बिनरंगाचं जहाज घरात होतं. ते रंगून मखरात गेलं तर पोरगा येणार, असं तिनं मनात धरलं. सगुणचाही जीव तेवढ्यावरच टांगलेला.

चवथीच्या आदल्या दिवशी त्यानं पहिला हात पोरानं सांगितला तसा पातळ मारला. छान बसला. पण हवा दमट, रंग सुकता सुकेना, आणि संध्याकाळी गणपती घरी यायचा. जित्याची खोड, दुसरं काय! लवकर सुकावा म्हणून त्यानं रंगात गॅरेजातला थिनर ओतला आणि ट्रकासारखा एकच जाड हात मारला. बघता बघता डेक खचला, डोलकाठी वाकली. सावरायला बोट लावलं तर प्लास्टिकच बोटाला चिकटून आलं. हात झडो माझा, तो पुटपुटला. पोरगा सगळं सांगून गेला होता.

सुमंगलानं ते वाकडं जहाज उचललं आणि मखरात नेऊन ठेवलं.

"असू दे. तो इलो काय नीट करतलो."

"होय," सगुण म्हणाला. आता पोरगा येत नाही, हे त्याला तेव्हाच कळून चुकलं.

चवथीला आरतीला वाड्यावरचं कोणी फिरकलं नाही. सुमंगला एकटीच खड्या आवाजात आरती म्हणत होती. सगुण टाळ घेऊन शेजारी उभा होता, पण हात उचलत नव्हता.