आबासाहेबांची दोन माणसांची गाडी

छप्पर नसलेल्या गाडीत आपलं पाच वर्षांचं पोर रोज सकाळी शाळेआधी फेरीला बसवून द्यावं की देऊ नये, या एका काळजीपायी मी ते सगळं वर्ष धड झोपले नाही. घर घोरत असायचं आणि मी डोळे मिटून मुरारच्या रस्त्यावरची वळणं घेत असायची. शालू माझी एकुलती एक. गाडी माझ्या सासऱ्यांची. गाडीला जागा दोन.

लोकांना मात्र या गाडीचे किस्से हवे असतात. असले किस्से कोणी ठरवून जमवत नाही. लग्नाच्या पंगतीत एकाने एक सांगितला की समोरचा म्हणतो, हा तर काहीच नाही, कदमांना विचारा. कदमांना विचारलं की ते आणखी दोन काढतात. पंगत हसते, मीही हसते, आणि जिलबी दुसऱ्यांदा फिरेपर्यंत मला घाम फुटलेला असतो.

आमचं घर शिंदे की छावनीत. सासऱ्यांना आम्ही आबासाहेब म्हणायचो. ते संस्थानच्या रिसाल्यात रिसालदार होते. संस्थान विलीन झालं, रिसाला मोडला, घोडे गेले. त्यानंतर रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर तिघं बसायचे: आबासाहेब, त्यांच्या हाताखालचे दफेदार कदमकाका, आणि रिसाल्यातले घोड्यांचे डॉक्टर, ज्यांना सगळी छावणी सलोत्रीकाका म्हणायची. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. शालूचे वडील सचिवालयात होते, आणि सचिवालयच भोपाळला हलायचं घाटत असल्यामुळे ते निम्मा वेळ तिकडे घर शोधत फिरायचे. म्हणजे ओट्यावर तीन म्हातारे, घरात मी, आणि मधल्या उंबऱ्यावर शालू.

*

गाडी घेतली ती मुरारमधल्या एका कॅप्टनकडून. त्याची बदली झाली होती आणि नव्या ठिकाणी गाडी नेणं त्याला परवडत नव्हतं. हिरवी, बुटकी, मागे दुमडणारा कापडी टप. लढाईच्या काळात आबासाहेब लष्करी लॉरी चालवायला शिकले होते, तेवढं त्यांना पुरेसं वाटलं. गाडी बघायला तिघंही गेले.

आबासाहेबांनी आधी गाडीला डावीकडून एक फेरी मारली. मग बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ तसेच उभे राहिले. बुजते का बघत होते, असं कदमकाका सांगतात. मागच्या चाकाजवळ एक पोचा होता. आबासाहेबांनी सलोत्रीकाकांना विचारलं, "हा भोवरा कसा?"

घोडा घेताना अंगावरचे केसांचे भोवरे बघतात. कुठला मालकाला लाभतो, कुठला घात करतो, याचं एक शास्त्र आहे. सलोत्रीकाकांनी वाकून पोचा नीट पाहिला आणि म्हणाले, "खोगिराखाली नाही ना? मग चालेल."

कॅप्टन बिचारा प्रामाणिक होता. तो म्हणाला, "रिसालदारसाहब, एक बात पहले बता दूँ. इसमें दो ही लोग बैठ सकते हैं. इसीलिए सस्ती दे रहा हूँ."

आबासाहेब म्हणाले, "घोड़े पर कितने बैठते थे?"

*

घोड्यावर डावीकडूनच चढायचं असतं. गाडीचं चाक उजव्या बाजूला. म्हणून आबासाहेब डावं दार उघडायचे, शालूच्या सीटवरून सरकत सरकत पलीकडे जायचे, मांड ठोकल्यासारखे बसायचे, आणि मग शालूला म्हणायचे, "या." गल्लीतली पोरं हा सोहळा बघायला थांबायची. "आबासाहेब, दूसरा दरवाज़ा भी है," असं एकाने सांगूनही पाहिलं.

"तो उतरायला," आबासाहेब म्हणाले.

*

दौलतगंजातला किस्सा कदमकाका उभं राहून सांगतात, कारण त्यात अभिनय आहे.

गल्ली अरुंद. समोरून कापसाच्या गाठी भरलेली बैलगाडी आली. गाडीवान म्हणाला, "साहब, थोड़ा पीछे ले लो." आबासाहेब हलले नाहीत. दुकानदार उतरून आले. त्यांनी हात जोडले. मागे टांगे साचले. शेवटी आबासाहेब म्हणाले, "रिसाला पीछे नहीं जाता."

झालं. अख्ख्या दौलतगंजाला ते वाक्य इतकं आवडलं की लोकांनी कापसाच्या गाठी उतरवल्या, बैल सोडले, रिकामी गाडी उचलून बाजूच्या बोळात घातली आणि आबासाहेबांना वाट करून दिली. पानवाल्याने विडा दिला.

रात्री शालूला भरवताना मी विचारलं, "तुला भीती नाही वाटली?"

"नाही." मग घास गिळून म्हणाली, "आबा त्या दांडीकडे देखते रहे."

"कुठल्या दांडीकडे?"

"गियरच्या. बहुत देर. मग ते बोलले."

मी पुढचा घास केला. दुसऱ्या दिवशी ओट्यावर हे सांगावं म्हणून बाहेर गेले, तर तिथे कदमकाका पुन्हा बैलगाडीवाला झाले होते आणि सलोत्रीकाका हसून हसून खोकत होते. आबासाहेबही हसत होते. मी चहाचे कप उचलून आत आले. मी मुळातच घाबरट. लग्नात अक्षता पडल्या तेव्हाही मी दचकले होते, हे आमच्याकडे अजून सांगतात.

*

दसऱ्याला रिसाल्यात घोड्यांची पूजा व्हायची. त्या वर्षी आबासाहेबांनी गाडी धुतली, बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि परातीत भिजवलेले हरभरे आणि गूळ घेऊन तिच्यापुढे धरले. छावणीतली जुनी माणसं मुद्दाम आली होती. एकदोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

घोड्यांचं पुढे काय झालं हे आमच्याकडे कोणी बोलत नसे. त्या दिवशी सगळे मऊ झाले होते म्हणून मी कदमकाकांना विचारलं. ते म्हणाले, "जवान घोडे दिल्लीकडे गेले, सूनबाई. म्हातारे इथंच राहिले."

"मग कुठे दिसत कसे नाहीत?"

कदमकाकांनी सलोत्रीकाकांकडे बघितलं. सलोत्रीकाकांनी पानाचा डबा उघडला आणि कितीतरी वेळ एकाच पानाला चुना लावत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात आले तर आबासाहेब परात घेऊन गाडीपुढे उभे. हरभरे भिजवलेले. मी म्हटलं, "आबासाहेब, दसरा झाला ना काल?"

ते म्हणाले, "दसऱ्याचा काय संबंध? रोजचा दाणा आहे."

ओट्यावर हेही फार आवडलं. कदमकाका म्हणाले, "लाडावलीय ती. आता साईस ठेवावा लागणार."

*

नंबरप्लेटचा किस्सा खरं तर पेंटरचा. गाडीवर जुन्या संस्थानची पाटी होती. ती खोडून मध्य भारताची लिहून घेतली. तो रंग पुरता वाळतो न वाळतो तोच मध्य भारत गेला आणि मध्य प्रदेश आला. आबासाहेब दुसऱ्यांदा पेंटरच्या दारात गाडी घेऊन उभे राहिले, तेव्हा त्याने ब्रश खाली ठेवून विचारलं, "इस बार खड़िया से लिख दूँ, साहब?"

तेव्हा असंच होतं. पोस्टमन जुनं लिहायचा, शाळा नवं लिहायची, यांच्या ऑफिसात एकाच टेबलावर तीन राज्यांचे शिक्के होते. कोण कोणाच्या वर, कोणाची नोकरी इंदूरवाल्यांच्या खाली गेली, हे रोज बदलायचं. त्यामुळे पाटी रंगवून आल्यावर आबासाहेबांनी मला, "सूनबाई, सध्या राज्य कोणाचं?" असं विचारलं, तेव्हा मी हसून उत्तर दिलं. जेवताना त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. रात्री पाणी ठेवायला गेले तेव्हा परत तेच.

अख्खं गाव तेच विचारत होतं. त्यांचं विचारणं वेगळं कसं काढायचं?

*

शेवटी मी ठरवलं, एकदा आपणच त्या सीटवर बसून बघायचं. शालूच्या शाळेत काम आहे असं खोटं सांगितलं. आबासाहेब डावीकडून चढले, सरकले, बसले आणि मला म्हणाले, "या."

इतकी सुरेख गाडी चालवताना मी आजवर कोणाला पाहिलं नाही. वळणावर हळू, शाळेपाशी आणखी हळू. रस्त्यात एक म्हातारी आडवी आली तर तिच्यासाठी गाडी थांबवून त्यांनी टोपीला हात लावला. वारा लागत होता, पदर उडत होता आणि मला माझीच लाज वाटत होती. देवमाणसावर संशय घेतला, दुसरं काय.

घराशी मी उतरले. आबासाहेब म्हणाले, "सांभाळून जा. पोचल्याचं पत्र टाका."

आम्ही भोपाळला जाणार म्हणून टोमणा मारला असेल, असं मी धरून चालले. आमच्यासोबत यायचं नाही असं त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. टोमणाच असणार.

*

शनिवारी हे भोपाळहून आले तेव्हा मी सगळं सांगितलं. दांडी, हरभरे, पत्र. सांगता सांगता मलाच ते पोकळ वाटायला लागलं, कारण एकेक घेतलं तर प्रत्येक गोष्टीवर लोक हसलेले होते.

हे म्हणाले, "अगं, सगळेच विसरताहेत. आमचे एक साहेब अजून रोज जुन्या ऑफिसात जाऊन बसतात. कुलूप लागलंय, तर पायरीवर बसतात."

"पायरीवर बसतात. पोराला घेऊन गाडी नाही चालवत."

"मग तू सांग आबांना, शालूला नेऊ नका म्हणून."

"मी? तुमचे वडील आहेत."

"मी काय सांगू? त्यांचं सगळं गेलं. रिसाला गेला, घोडे गेले, आता आपण चाललोय. तेवढं एक पोर सकाळी शेजारी बसतं." मग बूट काढता काढता म्हणाले, "तूच बघ. तुला नीट बोलता येतं."

मी पदर खोचून ओट्यावर गेले. वाक्य पाठ केलं होतं. आबासाहेबांनी वर बघितलं आणि म्हणाले, "बोला, सूनबाई."

मी म्हटलं, "चहा ठेवू का?"

*

सोमवारी हे परत गेले. मंगळवारी सकाळी नेहमीसारखी गाडी निघाली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून शालूची रिबन दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. रोज वरण उकळेपर्यंत ती दोघं परत येत. वरण झालं, पोळ्या झाल्या, आणि मी विनाकारण तांदूळ निवडायला बसले.

कदमकाका सायकलवर आले. उतरताना सायकल पडली, ती त्यांनी उचलली नाही. "सूनबाई, चला. टांगा थांबवलाय."

"अपघात?"

"नाही. जुन्या तबेल्यांच्या चौकीदाराने निरोप धाडलाय. गाडी नीट उभी आहे."

"शालू?"

"ठीक आहे. चला तुम्ही."

टांग्यात मी त्यांना काय काय विचारलं ते आठवत नाही. ज्या माणसाच्या तोंडून दौलतगंजाचा किस्सा मी कितीदा ऐकला असेन, तो माणूस दोन्ही हातांनी टांग्याची कड धरून समोर बघत होता.

जुन्या रिसाल्याच्या तबेल्यांचं आता सरकारी गोदाम झालं होतं. पुढचं मैदान मात्र तसंच मोकळं होतं. मैदानाच्या मधोमध गाडी, टप उघडा. शालू तिच्या जागेवर बसलेली. आबासाहेब गाडीच्या बाहेर, तिच्या दाराशी, ताठ उभे. ऊन वर आलं होतं. त्यांनी आपला कोट काढून शालूच्या डोक्यावरून धरला होता. गोदामाचा चौकीदार थोडा लांब उभा होता. तो कदमकाकांना म्हणाला, "सुबह से ऐसे ही खड़े हैं. पानी दिया तो बच्ची को पिला दिया, खुद नहीं पिया. पास किसी को आने नहीं देते."

मी धावले. आबासाहेबांनी हात आडवा केला. मी थांबले.

माझ्या मागे कदमकाका उभे राहिलेले बघून त्यांचा हात खाली आला. "कदम. बरं झालं आलास," ते म्हणाले. "या कोण?"

कदमकाकांनी नुसता सलाम केला.

मग आबासाहेब माझ्याकडे वळले. टोपी सारखी केली. बाहेरच्या बाईशी बोलताना ते नेहमी नजर खाली ठेवत, तशी ठेवली. "बाई, ही मुलगी तुमच्या ओळखीची आहे का? एकटीच आहे. कोणाची आहे, कळत नाही. कोणी न्यायला येईपर्यंत मला इथून हलता येत नाही."

मी शालूकडे बघितलं. ती रडलेली नव्हती. कोटाच्या सावलीत पाय हलवत बसली होती. तिने मला हाताने जवळ बोलावलं आणि हळू आवाजात, समजावून सांगितल्यासारखं म्हणाली, "मी माझं नाव सांगितलं त्यांना. अच्छा है म्हणाले. आता तू तुझं सांग."